उजवा गाल

डबा उघडला तर आत उजवा गाल नव्हता.

कान होता, डोळ्याखालची पापणी होती. दोन्ही पावडरीत लोळवून मऊ कागदात ठेवलेले, शूटिंग संपल्यावर त्याने ठेवले होते तसेच. गालाचा कागद मात्र उलगडलेला होता, आणि त्याची पुन्हा घडी घालायचा कुणीतरी प्रयत्न केला होता. पावडरीत बोटं उमटली होती. बारीक बोटं. त्याने टेबलाखाली पाहिलं, खुर्चीवरचा टॉवेल झटकला, मग उगाचच स्वतःचे खिसे चाचपले. रबराचा गाल खिशात घालून माणूस विसरत नाही हे माहीत असूनही चाचपले. दुपारी सिनेमावाल्यांचा माणूस हे तुकडे न्यायला येणार होता. सिनेमा जोरात चालला होता आणि थिएटरच्या दारात काचेच्या पेटीत ते मांडायचे होते, शेजारी त्याचा फोटो. मेकअपवाल्याला असा मान कोण देतो मास्तर, असं दिग्दर्शक फोनवर म्हणाला होता. मग त्याचं लक्ष फळीकडे गेलं. तुकडे चिकटवायच्या गोंदाची बाटली जागेवर नव्हती. तो गोंद सोडवायच्या तेलाची बाटली मात्र होती. तो तिथेच उभा राहून घरातले आवाज ऐकू लागला. बायको कामावर गेली होती. बाथरूममध्ये नळ चालू होता, आणि मघापासून चालूच होता.

तेलाची बाटली आणि कापूस घेऊन दार ठोठावायचं, एवढंच काम होतं. हा गोंद तेलाशिवाय ओढला तर कातडी सोलवटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी तो खुर्चीवर बसला. ही गॅलरी काचा लावून बंद केली तेव्हापासून तीच त्याची कामाची खोली होती. इथे कापलेले हात, भाजलेल्या पाठी, म्हाताऱ्या राजांची टक्कलं तयार झाली होती, आणि त्यातल्या कशाचीही ठकीला कधी भीती वाटली नव्हती. रांगायची तेव्हा ती एक तुटका अंगठा तोंडात घालून फिरायची आणि पाहुण्यांची भंबेरी उडायची. ठकी हे त्यानेच ठेवलेलं लाडाचं नाव. शाळेत तिला दुसरं नाव होतं, पण ते घरात कुणी वापरत नसे. आता ती नळ सोडून आत काय करते आहे हे त्याला कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच उठवत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दार उघडलं की तिच्याकडे बघावं लागणार होतं, आणि काल संध्याकाळपासून त्याने तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

तिच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीच्या मागे राहिली होती. पोटात असतानाच राहिली. डावा जबडा लहान, त्यामुळे हनुवटी तिकडे ओढलेली, ओठ तिरके, डोळा किंचित खाली उतरलेला, आणि कानाच्या जागी कानाची नुसती सुरुवात. डॉक्टरांनी सांगितलं की वाढ पुरी झाली की शस्त्रक्रिया करू, तोवर थांबायचं, खाते-पिते, हुशार आहे, बाकी काही नाही. बाकी काही नाही हे खरंच होतं. पदरी पडलं, पवित्र झालं, असं त्याची मावशी पाळण्यात डोकावून म्हणाली होती, आणि त्यावरून त्याने मावशीशी कितीतरी दिवस अबोला धरला होता. तो तर पहिल्याच दिवशी त्या चेहऱ्यावर लुब्ध झाला होता. चेहरे हाताळून पोट भरणारा माणूस. सरळ चेहरे त्याला पाण्यासारखे बेचव वाटत. ती झोपली की तो तिच्याकडे बघत बसायचा आणि प्रकाश कुठून आला की कुठली सावली पडते ते त्याच्या डोक्यात आपोआप नोंदलं जायचं. बायको म्हणायची, तू बाप म्हणून बघतोस की कारागीर म्हणून? तो हसायचा. दोन्हींत फरक असतो असं तेव्हा त्याला वाटत नसे.

एक वाईट खोड मात्र घराला लागली. ठकीला डाव्या कानाने ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मग तिच्या कानावर पडू नये ते सगळं तिच्या डावीकडून बोललं जाऊ लागलं. ठरवून नाही. शस्त्रक्रियेत काय काय होऊ शकतं, शेजारणीच्या मुलाने काय चिडवलं, वाढदिवसाला बोलावणं का आलं नाही. बायको भांडी आवरता आवरता सरकत सरकत ठकीच्या डाव्या अंगाला यायची आणि हलक्या आवाजात सुरू करायची. ठकी चित्र काढत असायची, मान खाली. पुढे पुढे पाहुण्यांनाही कळलं. मावशी तर आली की सरळ डावीकडची खुर्ची पकडायची. त्या बाजूला एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे मोठी माणसं मोकळी आहेत, असं सगळे धरून चालले होते.

दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आला तेव्हा रडला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर हाकलता आला असता. वेगळ्या चेहऱ्याच्या एका मुलीची गोष्ट त्याच्या मनात होती, कुटुंबाने एकत्र बसून बघावी अशी, आणि ठकीला बघून तो म्हणाला, "मास्तर, हीच. हाच चेहरा हवा मला." त्याने ठकीच्या कपाळाचा पापा घेतला, उजव्या बाजूला. बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता तिने विचारलं, "मग हिलाच का घेत नाही?" "ताई, अहो, किती वेळ उभं राहावं लागतं, दिवे, गर्दी," दिग्दर्शक म्हणाला. "लहान मुलांना झेपत नाही ते." जी मुलगी ते काम करणार होती ती ठकीच्याच वयाची होती, आणि तिला उभं राहण्याआधी तासन् तास मेकअपच्या खुर्चीत बसावं लागणार होतं, हे तिथे कुणी काढलं नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली, "घरातलं बाहेर मांडू नकोस." तो म्हणाला, "अगं, जग बघेल तरी." जगाने बघावं असं त्याला मनापासून वाटत होतं. ठकीलाही त्याने सांगितलं, तुझा चेहरा पडद्यावर येणार, भिंतीएवढा. ठकी म्हणाली, "आणि ती मुलगी?" तो म्हणाला, "ती खालून आत शिरणार. वर तू."

मेकअपने चेहऱ्यावर काही घालता येतं, चेहऱ्यातून काही काढता येत नाही. त्या छोट्या नटीची डावी बाजू लहान कशी करणार? मग उजवीच मोठी करायची. उजव्या गालापासून जबड्यापर्यंत एक भरीव तुकडा, म्हणजे डावी बाजू बिचारी आपोआप मागे राहिल्यासारखी दिसते. नटीच्या डोक्याचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवून तो त्यावर माती चढवत होता आणि ठकी समोर स्टुलावर बसून होती. इतकी शहाण्यासारखी ती एरवी कुठेच बसली नव्हती. ते दिवस सुखाचे होते. दुसरा शब्द त्याला सापडत नाही. "नाक खाजवू?" ती विचारायची. "खाजव." "आता हसू?" "हसू नकोस, हलशील." म्हटलं की ती हमखास हसायची. माती पुरी झाली तेव्हा एका परक्या पोरीच्या कपाळाखाली ठकी हुबेहूब उभी राहिली होती. ठकीने बोटाने ती हनुवटी चाचपली, मग स्वतःची चाचपली, आणि म्हणाली, "जमलं तुला."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक बघायला आला. आत शिरला, मातीच्या चेहऱ्यासमोर उभा राहिला, आणि एक पाऊल मागे सरकला. मग त्याने काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या होत्या. "उत्तम," तो टाक्यांकडे बघत म्हणाला. "काम उत्तमच आहे मास्तर. फक्त थोडं कमी करू या." मग दिग्दर्शकाने त्याची समजूत काढली, "पडदा केवढा असतो बघा. लोक गोष्ट सोडून चेहऱ्याकडेच बघत बसतील. नाकापेक्षा मोती जड नको. लोकांना बघवेल एवढंच ठेवा." ठकी स्टुलावर पुस्तक घेऊन बसली होती. बापाने पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर ती कुठल्या अंगाला वळून बसली आहे ते. डावी बाजू त्यांच्याकडे होती. त्याला हायसं वाटलं. चला, ऐकलं नाही पोरीने.

तारेच्या हत्याराने तो माती काढत गेला. उजवा गाल थोडा उतरवला, जबडा थोडा, मग पुन्हा थोडा. काढलेली माती टाकवेना म्हणून त्याने तिचा गोळा केला; दिग्दर्शक पुन्हा येऊन गेला की गोळा वाढायचा. शेवटी जो चेहरा उरला तो गोड होता. वेगळा होता खरा, पण त्या वेगळेपणाला कुणीतरी तोंड धुऊन, भांग पाडून पाहुण्यांसमोर आणलेलं होतं. ठकीने गोळ्याकडे बघून विचारलं, "ही माती कुठली?" "उरलेली," तो म्हणाला. गोळा फळीवर राहिला. आतासुद्धा होता, बाटलीच्या रिकाम्या जागेशेजारी, वरून तडकलेला. मग त्या चेहऱ्यावरून रबराचे तुकडे ओतले, शूटिंग सुरू झालं आणि कामात माणसाला विचार करायला सवड नसते, हे एक बरं असतं. सिनेमाभर त्या मुलीच्या डोक्याला रुमाल, आणि शेवटी टेकडीवर वाऱ्याने तो उडतो आणि आई तिचा चेहरा हातांत धरून म्हणते, तू आहेस तशीच सुंदर आहेस. वारा पंख्याचा होता. तो पंख्याच्या मागे उभा होता आणि आईच्या हातांनी तुकड्याच्या कडा उचलल्या जातील या धास्तीने त्याचा जीव टांगणीला लागला होता. ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं गेलं, कधी विमान गेलं म्हणून, कधी अश्रू चुकीच्या डोळ्यातून आला म्हणून. शेवटी शेवटी त्याला ते शब्द म्हणून ऐकूच येईनात.

आणि काल शाळेने वर्गाला सिनेमा दाखवला. वर्गबाईंनी त्यालाही बोलावलं होतं, मेकअप कसा केला ते मुलांना सांगायला. ठकीने महिनाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तो माझा चेहरा आहे. ती मधल्या रांगेत बसली, पाठ ताठ करून. तो मागे. अंधारात मुलं हसली, गप्प झाली, रुमाल उडाला तेव्हा हुंदके ऐकू आले. बाई तर पदराने डोळे पुसत होत्या. ठकीचं डोकं एकदाही हललं नाही. दिवे लागले. मुलं तिच्याभोवती जमली, आणि वाईट काही बोलली नाहीत. वाईट बोलली असती तर त्याला सवय होती, तयारी होती. तिची मैत्रीण, तिच्याच बाकावर बसणारी, डोळे पुसत अगदी मायेने म्हणाली, "किती गोड आहे ना गं ती! पण तुझ्यासारखी नाहीये काही. तुझं जास्त आहे." सगळ्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा ठकीकडे, आणि त्यांना ते पटलं. "ती असती ना आपल्या वर्गात, तर मी तिच्याशेजारी बसले असते," दुसरी एक मुलगी म्हणाली. वर्गबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "आता मुलांना समज येईल बघा." तो म्हणाला, "हो, येईल ना." मग पुढे उभं राहून त्याने गोंद, पावडर, माती सगळं सांगितलं, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना ठकी त्याच्या उजव्या हाताला चालत होती. म्हणजे तिचा चांगला कान पलीकडे होता. ती नेहमी त्याच्या डाव्या हाताला चालते, हे त्याला नंतर उमगलं. सिग्नलपाशी तिने विचारलं, "बाबा, तिचं कमी का आहे?"

"कॅमेऱ्यात कमी दिसतं," तो म्हणाला.

"हं," ठकी म्हणाली. इतकंच. नंतर ती जेवली, गृहपाठ केला, झोपली. बायकोने विचारलं, कसा झाला? तो म्हणाला, छान झाला, सगळी रडली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला. खोटं बोलताना चेहऱ्यावरची रेषही हलू न देणं हा काही अवघड मेकअप नाही. पण त्या "हं" ने त्याला झोप लागू दिली नाही. तिला खरं कळलं तर काय, हा एकच प्रश्न होता. बापानेच तिच्या चेहऱ्यातून जड जड भाग काढून टाकला, परक्याच्या सांगण्यावरून, वाद न घालता, नीटनेटका. सकाळी बोलू, असं त्याने ठरवलं होतं. सकाळी तो सिनेमावाल्यांसाठी डबा काढायला आला.

नळ अजून वाहत होता. तो तेलाची बाटली आणि कापूस घेऊन उठला.

"ठके," त्याने दार ठोठावलं. नळ बंद झाला. "उघड. मी रागावलो नाहीये."

"आवरतेय."

"शाळेला उशीर होतोय अगं."

"म्हणूनच तर," ती आतून म्हणाली. मग कडी निघाली.

गणवेश घातलेला होता, दप्तरसुद्धा पाठीला होतं. गोंद केसांना लागला होता, कॉलरला लागला होता, वॉशबेसिनवर त्याचे ओघळ होते. आणि तिच्या उजव्या गालावर तो उजवा गाल होता, त्या नटीच्या रंगाचा, कडा सुटलेल्या. तिची जी बाजू भरलेली, धड होती तीच आणखी फुगली होती, आणि डावी तिच्यापुढे पार आकसून गेली होती. इतकं वाकडं काही त्याच्या हातून आजवर तयार झालं नव्हतं. त्याची नजर उडाली. वॉशबेसिनवर गेली, नळावर गेली, तिथे थांबली. नळाला एक थेंब लोंबत होता. मग आपण कुणासारखे बघतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने मान वळवून पुन्हा तिच्याकडे पाहिलं, पण मधला वेळ जाऊन चुकला होता आणि ती आरशासमोर उभी होती; आरशातून तिला तो सबंध दिसत होता.

"होत नाहीये," ती म्हणाली. रडत नव्हती. "ती झाले नाही मी. उलट जास्तच झालं."

तो गुडघ्यांवर बसला. कापूस तेलात बुडवून त्याने एक कड भिजवली, वाट पाहिली, दुसरी भिजवली. "हा सरळ चेहऱ्यासाठी आहे, ठके," तो म्हणाला. बोलायला काहीतरी होतं म्हणून त्याला बरं वाटलं. "ही बाजू मोठी केली की ती लहान वाटते. म्हणून तुला नाही चालायचा." गाल सुटून त्याच्या हातात आला. खालची कातडी लाल झाली होती. त्याने तिच्यावर फुंकर घातली.

ठकीने थोडा विचार केला. "मग माझी ही बाजू मोठी कर," तिने डाव्या जबड्यावर हात ठेवला. "तो मातीचा गोळा आहे ना फळीवर? जेवढं काढलंस तेवढंच इथे लाव. म्हणजे मी ती होईन."

"काढलं कुठे, मी म्हटलं ना, कॅमेऱ्यात—"

"बाबा, मला डावीकडून ऐकू येतं," ती म्हणाली. "हळू येतं. पण येतं."

एकेक गोष्ट त्याला आठवू लागली, स्वयंपाकघरातली, दवाखान्याच्या बाकावरची, मावशीच्या खुर्चीतली. इतकी वर्षं मान खाली घालून ती चित्रं काढत होती. सांत्वनाचं एक वाक्य त्याच्या तोंडाशी आलं, आणि ते कुठलं आहे हे ओळखून त्याने गिळलं. ते टेकडीवर, पंख्यासमोर, म्हणून म्हणून संपलेलं होतं. दुसरं त्याच्यापाशी नव्हतं.

त्याचा चेहरा बघून ठकीला त्याचीच कीव आली असावी. "जास्त नको करूस," ती समजुतीने म्हणाली. "लोकांना बघवेल एवढंच."

त्याने तिची हनुवटी हातात धरली. मायेने धरली, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं. तिने डोळे मिटले आणि मान वर केली, खुर्चीत ती छोटी नटी करायची तशी. त्याचा अंगठा तिच्या डाव्या जबड्याखालच्या खोलगट जागेत गेला, तिथे जरा दाबला गेला, आणि किती माल लागेल ते त्याला कळलं.